गाडीची सलाईन

माझी नात जन्मली त्या वर्षी मिस्त्रींनी आमची जुनी डिझेल गाडी तळणाच्या तेलावर चालवायला घेतली. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. मी फक्त रागावले की म्हणते, आणि त्या वर्षी मी त्यांना दुसरं काही म्हटलंच नाही.

तळणाचं दुकान माझं, भिंतीपलीकडचं गॅरेज त्यांचं. कढईतलं उरलेलं तेल निवलं की मी फडक्यातून गाळायची, डब्यात गाळ खाली बसू द्यायची आणि वरचं नितळ तेवढं त्यांना द्यायची. त्यांनी मोठ्या टाकीत तेल भरलं आणि डिकीत डिझेलची छोटी टाकी बसवली. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की खटका दाबून तेलावर घ्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायची, नाहीतर गार तेल पंपात दाटून बसतं. लोक बघायला यायचे. मिस्त्री बॉनेट उघडून व्याख्यान द्यायचे.

मला त्या कौतुकाशी काही देणंघेणं नव्हतं. मला अक्काला दवाखान्यात न्यायचं होतं. अक्का माझी थोरली बहीण. जन्मभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आजारी पडल्यावर माझ्याकडे आली. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड टेकडीपलीकडच्या शहरात नेऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं, तरच ती जगणार. जाताना ती मला दुकानांच्या पाट्या वाचायला लावायची. त्या वयात मला अक्षर लागलं ते त्या गाडीत.

थंडी पडली आणि गाडीने रंग दाखवले. तेलावर घेतली की उभ्या जागी इंजिन हेलकावे खायचं. आवाज चढायचा, उतरायचा, आणि सिग्नलला गाडी गपकन बंद. चढावर पाय दाबला तरी ढिम्म, आणि मग एकदम उडी.

"तुझ्या तेलात पाणी आहे," मिस्त्री म्हणाले. "डिझेलवर बघ, कशी घड्याळासारखी चालते."

मी तेल पुन्हा तापवलं, पाणी असतं तर तडतडलं असतं. तडतडलं नाही. मी फडकं बदललं, दुहेरी केलं. गाडी तशीच.

"तेल जळकं आहे."

"मग तुमच्या खटक्यांना, नळ्यांना काही विचारलंत का?"

"नळ्या मी बसवल्यात," ते म्हणाले. म्हणजे विषय संपला.

मग त्यांनी काय करावं? पंपावरचा स्क्रू पिळून इंजिनचा वेग वाढवून ठेवला. गाडी बंद पडायची थांबली, पण उभी असली तरी कानठळ्या बसवायची आणि ब्रेक सोडला की पुढच्याच्या अंगावर धावायची.

"जावईबापू," मागच्या सीटवरून अक्का म्हणाली, "ताप आलेल्याला नाचायला लावलंत की तो बरा होत नाही हो."

मिस्त्री हसले नाहीत. त्याच आठवड्यात गाडी पुलावर बंद पडली ती पुन्हा सुरूच होईना. लोकांनी ढकलली, आम्ही उशिरा पोहोचलो, अक्काचं मशीन दुसऱ्याला देऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत पाणी साठलं. ती श्वासासाठी तडफडत होती, आणि हा माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात मला सांगत होता, "तेल बदलून बघू."

माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकांना हेच मिस्त्री वर्षानुवर्षं सांगत आले होते: आधी बाटली लावून बघा. पंपाला टाकीऐवजी बाटलीतून तेल द्यायचं. चालली तर दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत, नाही चालली तर तेलात नाहीतर पंपात. हे मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. स्वतःच्या गाडीला तेवढं त्यांनी लावलं नाही.

अक्का घरी आली. मिस्त्री कुठे कामाला गेलेले. मी गाडी डिझेलवर तापवली, बंद केली, माझंच तेल कोमट करून बाटलीत भरलं. पंपाची नळी बाटलीत, उरलेलं तेल परत आणणारी नळीही त्याच बाटलीत.

"धाकटे, दे इकडे," अक्का बॉनेटशेजारी खुर्ची ओढून बसली आणि बाटली उंच धरली. "आजवर मला लावत होते. आज मी सलाईन लावते."

"हात दुखेल."

"दुखू दे. तू किल्ली फिरव."

मी आधी मिस्त्रींचा स्क्रू होता तिथे आणला. गाडी थोडी खोकली आणि मग माझ्या तेलावर मांजरीसारखी गुरगुरत राहिली. पायाला लगेच साथ, सोडला की शांत.

"पेशंट वाचला," अक्का म्हणाली. मला मात्र रडू येत होतं, तेही रागाने.

नळी पुन्हा टाकीला जोडली, मध्ये पारदर्शक तुकडा घातला. त्यात सोड्यासारखे बुडबुडे धावू लागले. कुठून तरी नळी हवा ओढत होती. गाडीखाली सरपटत गेले. मागच्या चाकाजवळ नळीच्या जोडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर तार गुंडाळलेली, भोवती तेलकट धूळ.

मिस्त्री आले तेव्हा मी तो तुकडा त्यांच्यापुढे टाकला.

"हे काय?"

त्यांनी तो उचलून तार चाचपली. "तात्पुरता लावला होता."

"कधी?"

"लोक बघायला येणार होते त्या दिवशी."

"आणि अक्काचा श्वास कोंडला तेव्हा हे आठवत होतं?"

त्यांनी तुकडा खिशात घातला. म्हणजे आठवत होतं. बाटली का लावली नाही तेही मला तेव्हा कळलं. बाटलीने त्यांचंच नाव सांगितलं असतं.

"बाई, पुरे आता," अक्का म्हणाली.

"पुरे नाही," मी म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी नवी नळी टाकली, नव्या क्लिपा लावल्या. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. एकदा दवाखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "मिस्त्री, इतकी मऊ चालते, तेल कुठलं?"

"हिच्या हातचं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी अक्काला हात देऊन उतरवलं. माफ केलं नाही, अजून केलेलं नाही.

अक्का पुढच्या उन्हाळ्यात वारली, माझी नात पहिलं पाऊल टाकायला लागली त्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, मशीनवर, वेळेवर पोहोचून.