बर्फाच्या कप्प्यातली जागा

"एवढंसं गाठोडं मावत नाही होय गं? बाळाची दोन टोपडी आहेत नुसती!" दारात उभ्या असलेल्या एर्मेलिंदामावशीने गाठोडं पुढे केलं.

"नाही मावशी." सोराइदाने पेटीवरची नजर काढली नाही. पट्ट्या, मोडलेलं हाड बांधायच्या कामट्या, कात्री, जुलाबावरची पाकिटं भरून झाली होती. बर्फाच्या कप्प्यात लशी आणि सापाच्या विषावरचं सीरम बसलं होतं. "पेटीत औषधाशिवाय काही जाणार नाही."

"आणि मागच्या खेपेला माझं चीज बरं नेलंस! तेव्हा कुठे होता हा तोरा?"

सोराइदाने झाकण लावलं.

नदीच्या वरच्या अंगाच्या वस्त्यांवर जाणारी ती एकटीच परिचारिका. होडी निघायची म्हटलं की अख्खं गाव दारात हजर. कुणाचं मीठ, कुणाच्या चपला, कुणाचा साबण. नाही म्हणणाऱ्याला इथे माणूसघाणा म्हणतात, आणि सोराइदा मुळातच भिडस्त. मागच्या खेपेच्या वेळी मावशीची लेक इसाउरा वरच्या वस्तीवर पोटुशी होती आणि तिला चीजचे डोहाळे लागले होते. गरोदर बाईचे डोहाळे मोडू नयेत म्हणतात. पण चीज टिकायला बर्फ हवा. नदी तर उतरलेली. पुरात साप घरात शिरतात, पाणी ओसरलं की रानात परततात, हे काठावरचं शेंबडं पोरही सांगेल. सोराइदाने सीरम दवाखान्याच्या फ्रीजमध्ये परत ठेवलं आणि त्या जागी चीज कोंबलं.

त्या खेपेला वस्तीला होडी लागली तशी इसाउरा पोट सावरत धावत आली. "सिस्टर आल्या! आता उल्देरिकोला काही होत नाही!"

तिच्या नवऱ्याला युकाच्या कंदांच्या मळ्यात साप चावला होता. पाय मांडीपर्यंत सुजला होता. सोराइदाने पेटी उघडली, चीज पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं. "सीरम दवाखान्यातच नव्हतं," ती म्हणाली. खाली दवाखान्याकडे नेताना, होडीत, तिच्या मांडीवर डोकं ठेवून उल्देरिको गेला. चीज तिने नदीत फेकलं आणि मावशीला सांगितलं, उन्हाने नासलं.

आज होडी वस्तीला लागली तेव्हा इसाउरा काठावर बाळ घेऊन उभी होती. तिने ते सरळ सोराइदाच्या हातात दिलं.

"पुढच्या महिन्यात बाप्तिस्म्याला पाद्री येतायत. याची धर्ममाता तुम्हीच व्हायचं, सिस्टर. तुम्ही होता, म्हणून मरताना हे एकटे नव्हते."

बाळाने सोराइदाचं बोट धरलं. आता तिला राहवेना.

"सीरम होतं, इसाउरा. मीच पेटीतून काढून ठेवलं होतं."

इसाउरा बघतच राहिली. "का?"

चीजचं नाव सोराइदाच्या अगदी ओठांवर आलं. ते घेतलं असतं तर तिचं निम्मं ओझं उतरलं असतं, पण ते या पोरीच्या डोक्यावर जन्मभरासाठी बसलं असतं.

"वाटलं, लागणार नाही."

इसाउराने बाळ काढून घेतलं आणि ती घराच्या पायऱ्या चढू लागली. सोराइदा होडीकडे वळली.

"थांबा." इसाउरा मधल्या पायरीवर बसली होती. तिने बाळाची मांडी उघडी केली आणि स्वतःचं तोंड नदीकडे फिरवलं.

"लस टोचा. मग जा."