दार हळूच उघडायचं

आमच्या शाळेत शिरलं की उजव्या हाताला जो भलामोठा फलक दिसतो, तो माझ्या हातचा. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे शाळेत जे जे रंगवायचं असतं ते आपसूक माझ्या गळ्यात पडतं. फलकाला तीन रकाने आहेत. मुलांनी कसं वागायचं, शिक्षकांनी कसं वागायचं आणि मोठ्या बाईंनी कसं वागायचं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या नावाचा रकाना त्यांनी स्वतःच हट्टानं मागून घेतला.

त्याहून गमतीची आमची रीत. दरवर्षी शाळा सुरू झाली की जुना फलक पुसून नवा रंगवायचा, आणि त्याआधी मुलांनी मोठ्यांचा एक नियम खोडायचा, शिक्षकांनी मुलांचा एक. स्वतःच्या रकान्याला हात लावायचा नाही. आणि का खोडला, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. तसा मोठ्या बाईंनी मुलांना शब्दच दिलेला होता. मागच्या वर्षी मुलांनी ‘शिक्षकांनी मधल्या सुट्टीत मुलांच्या खेळात मध्ये पडू नये’ हा नियम खोडला, आणि आमचे गणिताचे सर वर्षभर पकडापकडीत राज्य घेऊन घेऊन घामाघूम झाले. सरांचं वजन उतरलं, हा फायदा वेगळाच.

यंदा मुलांच्या वतीनं बोलायला चौथीतली एक मुलगी आली. आम्ही शिक्षक तिला वकीलबाई म्हणतो, कारण ती गृहपाठ कमी करून घ्यायलासुद्धा मुद्देसूद भांडते. तिनं खडू उचलला, सरळ मोठ्या बाईंच्या रकान्याशी गेली आणि एका ओळीवर आडवी रेघ मारली. ती ओळ अशी होती: ‘मोठ्या बाई दारावर टकटक केल्याशिवाय आणि आतून “या” आल्याशिवाय कोणत्याही वर्गात जाणार नाहीत.’

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. हा नियम मोठ्या बाईंच्या जिवाभावाचा. त्या नवख्या असताना त्यांचे हेडमास्तर मांजराच्या पावलांनी वर्गात येऊन मागे उभे राहायचे, आणि बाईंच्या हातातला खडू पडायचा. आपल्या शाळेत कुणाची अशी पाचावर धारण बसायला नको, म्हणून त्यांनी तो नियम स्वतःवर घालून घेतला होता. शिवाय त्यात मुलांना काय त्रास? मुलांनी खोडावा असा तो नियमच नव्हता.

“खोडला,” वकीलबाई म्हणाली. “पण मोठ्या बाई, दार हळूच उघडायचं. तेवढं खाली लिहायला सांगा ना.”

“हळूच म्हणजे?” मी विचारलं.

“हळूच म्हणजे हळूच,” ती म्हणाली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

शिक्षकांच्या खोलीत मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. गणिताचे सर म्हणाले, हे आमच्यावर पाळत ठेवणं झालं. पहिलीच्या बाई म्हणाल्या, मी तर घाबरूनच मरेन. एकटे दुसरीचे सर शांत होते. ते आमच्या शाळेचे सगळ्यांत जुने आणि पालकांचे सगळ्यांत लाडके. त्यांचा वर्ग इतका शिस्तीचा, की टाचणी पडली तरी ऐकू यावी.

“मुलंच ती,” ते हसून म्हणाले. “त्यांना गंमत हवी असते. आपण कशाला मनावर घ्यायचं? ही खोडाखोडीची पद्धतच बंद करा आता. पुष्कळ झालं कौतुक.”

बरेचजण माना डोलवायला लागले. शेवटी ठरलं ते असं, की शाळा सुटायच्या आत मुलांनी पटेल असं कारण द्यावं. नाहीतर रेघ पुसायची आणि पद्धतही बंद. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. कारण विचारणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं, आणि न विचारावं तर सगळे शिक्षक विरोधात. त्यांनी हा निरोप वकीलबाईला दिला तेव्हा मी शेजारीच होते. तिनं एकदा फलकाकडे बघितलं.

“कारण नाही सांगता येणार,” ती म्हणाली. “पण रेघ पुसू नका ना. दुसरं काहीच नको आम्हाला. पुढच्या वर्षी आम्ही एकही नियम खोडणार नाही.”

आता मला मुळातच नसत्या चौकशांची खोड. माझी आई म्हणायची, हिला झाकलेलं भांडं दिसलं की झाकण काढल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात ते ‘हळूच’ माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत होतं. मुलांना बाईंनी अचानक यायला हवं असेल, तर धाडकन यावं ना! अचानकही यायचं आणि हळूही यायचं, हे कुठलं गणित?

मला तास नव्हता. मी व्हरांड्यातून एकेका वर्गाच्या खिडकीत डोकावत निघाले. पहिलीच्या बाई रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बेरीज शिकवत होत्या. तिसरीत दंगा, चौथीत त्याहून दंगा. दुसरीत मात्र मुलं ओळीनं ताठ बसलेली, सर पुस्तक हातात घेऊन फिरतायत, एकेकाला उभं करून वाचून घेतायत. मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती. दप्तर होतं, उघडं पुस्तक होतं, मूल नव्हतं. गेलं असेल लघवीला, म्हणून मी पुढे गेले.

मधल्या सुट्टीत मी वकीलबाईला नळापाशी गाठलं.

“मला तरी सांग. मी कुणाला सांगणार नाही.”

“तुम्ही सांगाल,” ती म्हणाली. मला राग आला, पण तिचं खरंच होतं.

“बरं, निदान हे सांग, की सांगत का नाहीस?”

तिनं फलकाकडे बोट केलं. अजून तो पुसलेला नव्हता. मुलांच्या रकान्यात, सगळ्यांत वर, मीच लाल रंगानं रंगवलं होतं: ‘कुणाचीही चहाडी करायची नाही.’ चहाड्यांना आम्ही शिक्षक इतके कावलो होतो, की तो नियम पहिला आला.

“हा आमच्यातला आहे,” ती म्हणाली. “आमचा आम्हाला खोडता येत नाही. मग तुमच्यातला खोडला.”

मी तिला तिथंच सोडून तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. “रेघ अजून आहे ना?” मी विचारलं. “सुटेपर्यंत नियम खोडलेलाच आहे ना?”

“आहे,” त्या म्हणाल्या. “का?”

“मग चला.”

सुट्टी संपून वर्ग भरले होते. आम्ही दोघी व्हरांड्यातून निघालो. पहिलीचं दार मोठ्या बाईंनी हळूच उघडलं. बाईंच्या मांडीवरचं पोर झोपलं होतं. घाबरून वगैरे कुणी मेलं नाही. दुसरीच्या दारापाशी मोठ्या बाईंचा हात सवयीनं टकटक करायला वर गेला. त्यांनी तो आवरला आणि दार ढकललं.

दार अर्धं उघडलं आणि अडलं.

बाईंनी किंचित जोर दिला. दार मऊशा कशावर तरी टेकून परत आलं. आणि पलीकडून, अगदी सवयीचा असावा असा, एक बारका आवाज आला, “थांबा, मी सरकते.”

दाराआडच्या कोपऱ्यात, भिंत आणि दार यांच्या मधल्या फटीत, एक मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. खिडकीतून सगळा वर्ग दिसतो, तो कोपरा तेवढा दिसत नाही. मी तिला ओळखलं. वकीलबाईची धाकटी बहीण. वाचताना अडखळते ती. वर्गातली मुलं श्वास रोखून आमच्याकडे बघत होती. मग मला सगळं समजलं. टकटक झाली की ‘या’ म्हणायच्या आत सर तिला जागेवर पाठवत असणार. ती आमची सभ्य, जिवाभावाची टकटक म्हणजे सरांना इशारा होता.

“हे काय आहे?” मोठ्या बाईंनी विचारलं.

दुसरीचे सर जराही गडबडले नाहीत. “नियमाबाहेर काही नाही,” ते म्हणाले. “मुलाला वर्गाबाहेर काढू नये, असा नियम आहे. बाहेर कुठे काढलंय? आतच तर आहे. वर्गासमोर कुणाला कमी लेखू नये. समोर तरी कुठे आहे?”

माझा हात इतका शिवशिवला म्हणून सांगू! पण मोठ्या बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. “सर, तुम्ही ऑफिसात जाऊन बसा,” एवढंच म्हणाल्या, आणि सर जाईपर्यंत थांबल्या. मग त्या मुलीसमोर जमिनीवरच बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, एरवी त्या खुर्चीतूनसुद्धा हात टेकून उठतात.

“रोज उभी करतात तुला इथं?”

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग वर्गातल्या मुलांकडे. आणि इतक्या हळू आवाजात विचारलं, की आम्हाला वाकावं लागलं.

“सांगितलं तर चहाडी होईल ना?”

मोठ्या बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. ती लाल अक्षरं माझीच होती आणि त्यांना सुंदर वळण दिल्याबद्दल मी शाबासकीसुद्धा घेतली होती.

शाळा सुटल्यावर शिक्षकांची सभा भरली. मुलांनी कारण दिलं का, असं कुणी विचारलं नाही. शिक्षकांनी मुलांचा कोणता नियम खोडायचा, हे मात्र राहिलं होतं. त्या दिवशी सकाळपर्यंत आम्ही ‘व्हरांड्यात धावू नये’वरून भांडत होतो. आता पहिलीच्या बाई उठल्या आणि त्यांनी फलकाशी जाऊन लाल ओळीवर रेघ मारली. गणिताच्या सरांनी तीच रेघ पुन्हा गिरवली.

मी नवा फलक रंगवायला बसले तेव्हा वकीलबाई धाकटीचं बोट धरून बघायला आली. सर आता त्या वर्गावर नाहीत, कोपऱ्यातही कुणी उभं नसतं, तेव्हा ‘दार हळूच उघडायचं’ ही खालची ओळ नाही लिहिली तरी चालेल का, असं मी तिला विचारलं. तिनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं ‘नाही, नाही’ अशी जोरात मान हलवली.

म्हणून मी ती लिहिली. धाकटीनं एकेक अक्षर लावत, अडखळत, मोठ्यानं वाचली आणि आम्ही दोघी तिचं वाचून होईपर्यंत थांबलो.