बोटं धू आधी!

"ओत सगळ्या कुंड्या खड्ड्यात! माणूस मरता मरता वाचलाय, आणि तू मला अक्कल शिकवतेस?"

"काका, एकेक पान चुरगळून वास घेतलाय मी. सगळ्यांना कांद्याचा वास होता. सगळ्यांना!"

भांडण माझ्यावरून, आणि मला कोणी विचारत नव्हतं. मित्रांनो, मी एक रानकांदा आहे, खायच्या कांद्याचाच रानातला नातलग. जुना वगैरे नाही, आत्ता कुठे तिसरं वर्ष लागलंय. पण या रोपवाटिकेवर भडकायला तेवढं पुष्कळ झालं.

माझं बी या पुतणीनेच पलीकडच्या उतारावरून आणलं. पहिलं वर्षभर मी म्हणजे दोऱ्याएवढं एक पान. काका येता-जाता टोमणा मारायचे, "गवत पाळलंयस का गं?" दुसऱ्या वर्षी वाटाण्याएवढी गड्डी धरली. उन्हाळ्यात पान वाळलं, तर मला मेलेला समजून माझ्या कुंडीवर दुसरी कुंडी रचली. मी आत धडधडीत जिवंत! यंदा मात्र अंगाने भरलो. शेजारचे शिंपीदादा एक पान चावून म्हणाले, "वा! डोळ्यांत पाणी आणलं लेकाने." तेवढंच काय ते कौतुक.

आम्हाला मानवते म्हणून मातीही उतारावरचीच यायची. त्या मातीतून मुके आले. मुका हे नाव मी ठेवलंय. दिसायला हुबेहूब माझ्यासारखा. तशीच गड्डी, तशीच पानं. फक्त वास नाही, आणि पोटात विष.

परवा पुतणीने विकायच्या कुंड्या तपासल्या. पहिलं पान माझं चुरगळलं. माझा वास काय साधासुधा आहे? बोटांना चिकटला की सुटत नाही. त्याच बोटांनी पुढचं पान, त्याच बोटांनी त्याच्या पुढचं. मुक्यालाही कांद्याचा वास! वास माझा आणि फुकटची अब्रू त्याची. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं बाई, बोटं धू आधी! ऐकतंय कोण?

नेमकी मुक्याची कुंडी शिंपीदादांनी नेली. पानं चिरून आमलेटात घातली आणि दिवसभर ओकत बसले.

म्हणून आज काकांनी माझ्या रांगेतले चार भाऊ खड्ड्यात उलटेसुद्धा केले. पाचवा मी. काकांनी मला उचललं, तेवढ्यात पिवळ्या पडलेल्या तोंडाने शिंपीदादाच आले. मघाशी काकांना पटवायला माझं पान चुरगळलं होतं, त्याच हाताने पुतणीने धावत पाणी दिलं.

"तो हात लांब घे बाई! कांद्याचा भपका येतोय. परत ढवळायला लागलं."

पुतणीने स्वतःची बोटं हुंगली. मग काय सुचलं कोण जाणे, तिने शेजारच्या गुलाबाचं पान चुरगळलं आणि काकांच्या नाकाशी धरलं.

"कसला वास?"

"कांद्याचा. दुसरा कसला?"

"गुलाब आहे, काका."

काकांनी मला हळूच खाली ठेवलं. "हात धू," एवढंच म्हणाले. मग दर पानामागे साबण. काका स्वतः पाणी घालत होते आणि कुरकुरत होते, "विहीर आटवणार ही मुलगी." सात मुके सापडले. माझं पान पुन्हा तोडलं. तोडा! "हा खरा," ती म्हणाली. साधं "चुकलं" नाही म्हणाली.

मित्रांनो, आम्हाला ओळखायला निघालात तर दर पानाआधी हात धुवा. आणि जाणता माणूस हो म्हणेपर्यंत रानातलं काही तोंडात घालू नका. हलगर्जीपणा तुम्ही करायचा आणि खड्ड्यात आम्ही जायचं, हे खपवून घेणार नाही!

काका म्हणतात, आता विकायचं नाही, खरे निघाले ते उतारावर परत लावायचे. मला हातगाडीत ठेवलंय. पुतणी खड्ड्यात उतरून माती चिवडतेय. तीन भाऊ मिळाले. चौथा अजून... अहो काका, गाडी कसली लोटताय, थांबा की! अगं, उजव्या हाताला बघ, दगडाखाली! ऐकत नाहीत. गाडी हलली. मला निघावं लागतंय.