चौकशी आत करावी

दंतवैद्याचा बोर्ड अर्धा सुटला होता. वरचे दोन स्क्रू पेंटरच्या ओठांत होते, खालचा एक हट्टाला पेटला होता, आणि तेवढ्यात शिडीखालून मेहुणा ओरडला,

"भावजी, काढताय कशाला? पुरावा नष्ट केला म्हणतील!"

पेंटरचा हात जागच्या जागी थांबला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याने आयुष्यात कधी कर भरला नव्हता, त्यामुळे घरात त्या विषयातला जाणकार तोच समजला जाई. पेंटरने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले, खात्याचा माणूस कोपऱ्यावर दबा धरून बसला असल्यासारखे, आणि काढलेले स्क्रू पुन्हा पिळायला घेतले. पट्टी न लावता सरळ रेघ मारणाऱ्या त्या हाताला आज स्क्रूची खाच सापडत नव्हती.

"ठेवले तर धंदे चालू आहेत म्हणतील," तो पुटपुटला.

"तेही म्हणतील," मेहुणा म्हणाला.

बायको दारात उभी होती. "तू घरी जा बघू," ती भावाला म्हणाली. "आहे ती भीती आम्हाला पुरे आहे. तुझी भर नको."

भिंतीवर असे अकरा बोर्ड होते. दंतवैद्य, वकील, चष्मेवाला, घड्याळदुरुस्ती, मोटार शिकवण्याची शाळा, लग्न जुळवणारे केंद्र आणि असेच आणखी. त्यातला एकही कुणाचा नव्हता. बोर्ड रंगवणाऱ्यांची ही रीतच आहे. गिऱ्हाईक कोऱ्या पत्र्याकडे बघून भुलत नाही, त्याला भरलेला बोर्ड दाखवावा लागतो. म्हणून काम नसले की बसायचे आणि मनानेच एखादे दुकान काढून ते रंगवायचे. एकात जाड अक्षर, एकात तिरपे, एकात सावली टाकलेले. त्यातून या पेंटरला खालची ओळ रिकामी राहिलेली खपत नसे. वकिलाखाली त्याने "रविवारी बंद" लिहिले होते, चष्मेवाल्याखाली "उधार मिळणार नाही", आणि शेवटच्या, शिवणवर्गाच्या बोर्डाखाली "चौकशी आत करावी".

कर खात्याचा पाहणी करणारा माणूस एका दुपारी येऊन गेला. पेंटर तेव्हा लांबच्या एका शाळेच्या कुंपणावर अक्षरे काढत होता. पुढे टपालाने अकरा बिले आली. एका खोलीत अकरा धंदे, प्रत्येकाला वेगळा व्यवसाय कर, वेगळा दंड. पेंटर आधी हसला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बिले दाखवून हसला. "या डॉक्टरसाहेब," म्हणून शेजारच्या न्हाव्यानेही हौस भागवून घेतली. मग पेंटरने सुवाच्य अक्षरात तक्रारअर्ज दिला. अर्जाला उत्तर म्हणून तीच अकरा बिले वाढीव दंडासह परत आली, तेव्हा हसू आटले. आता तिसरे पत्र आले होते. समक्ष येऊन खुलासा करा, नाहीतर खोलीला सील. खोली म्हणजे दुकान. आणि मागच्या घरात जायची वाट त्या दुकानातूनच होती.

शिडीवरून उतरता उतरता त्याची नजर शिवणवर्गाच्या बोर्डावर गेली. बाकीचे दहा उन्हाने फिकटले होते. याची खालची ओळ मात्र तशीच ठसठशीत होती. वळचणीची सावली पडत असेल, असे त्याने मनाशी म्हटले. एरवी रंगाच्या बाबतीत तो एवढ्यावर समाधान मानणारा माणूस नव्हता.

सकाळी दोघे कचेरीत गेली. बायको कशाला, असे तो म्हणाला होता; पण ती आधीच साडी बदलून, पिशवी खांद्याला लावून तयार होती. पिशवी तिने पोटाशी धरली होती. त्याने लग्नात घेतलेला सदरा घातला होता, तो आता गळ्याशी आवळत होता.

बाकड्यावर त्यांच्या पुढे सहा-सात माणसे होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर फाइल होती. आतून कुणाचा तरी चढा आवाज आला, मग तोच आवाज एकदम रडवेला झाला. बाकड्यावरची माणसे आपापल्या चपलांकडे पाहू लागली. पेंटरने अकरा बिले पुन्हा मोजली. एखादे कमी झाले असते तर त्याला हवेच होते.

पाणी प्यायच्या टाकीपाशी एक तरुणी थबकली.

"अय्या, बाई! तुम्ही इकडे कुठे?"

"आहे जरा काम," बायको म्हणाली आणि पिशवी सावरू लागली. तरुणीने पेंटरकडे एकदा पाहिले, हसू दाबले आणि गेली.

"कोण गं?"

"ओळखीची."

एरवी त्याने आणखी विचारले असते. पण तेवढ्यात शिपायाने त्यांचा नंबर पुकारला. बायकोने कोपराला धरून त्याला उठवले.

साहेब सर्दीने बेजार होता. एका हातात रुमाल, दुसऱ्या हाताखाली यांची फाइल. आवाज मुळीच चढलेला नव्हता. पेंटरला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"दंतवैद्य कोण?"

"कुणी नाही, साहेब."

"बोर्ड कुणाचा आहे?"

"माझाच."

"मग तुम्ही दंतवैद्य."

"नाही हो साहेब! मी पेंटर. ते नुसते नमुने आहेत. गिऱ्हाइकाला अक्षर दाखवायला."

"वकीलही नमुना?"

"वकीलही."

"लग्न जुळवणारे?"

"साहेब, माझं स्वतःचंच मोठ्या मुश्किलीनं जुळलं."

साहेब हसला नाही. त्याने रुमालात नाक शिंकरले आणि फाइलचे पान उलटले. "पाहणी करणाऱ्यानं लिहिलंय, आत माणसांचा राबता होता."

"चूक झाली असेल त्यांची," पेंटर घाईने म्हणाला. "दुपारी आमच्याकडं चिटपाखरू नसतं. मी बाहेर, ही एकटी घरात. विचारा ना हिला."

साहेबाने विचारले नाही. बायको पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती. बोटाचे टोक पांढरे पडले, तरी ती गुंडाळतच राहिली.

"हे बघा, काका," साहेब म्हणाला, "तुमचं म्हणणं खरं असेलही. प्रत्येक धंद्यासाठी एक निवेदन द्या, की असा धंदा या जागेत कधी चालला नाही आणि आजही चालत नाही. सही करा, तेवढी बिलं रद्द. सगळ्या गावाला आम्ही काही छळायला बसलेलो नाही."

पेंटरला वाटले, उठून त्याचे पाय धरावेत.

"पण एक लक्षात ठेवा. यातलं एक जरी खोटं निघालं, तर अकराच्या अकरा खोटी धरू. मग बिलं वसूल होतील, खोलीला सील लागेल, आणि खोट्या निवेदनाचा खटला वेगळा. त्यात आत जावं लागतं."

"आत," पेंटर म्हणाला.

"आत."

कागद समोर आले. पेंटरने पेन घेतले. दंतवैद्य. या जागेत कधी चालला नाही. सही करताना त्याचे अक्षर असे वाकडे आले की स्वतःच्या बोर्डावर त्याने ते पुसून पुन्हा काढले असते. वकील. चष्मेवाला. खरे तेच लिहीत असूनही प्रत्येक सहीला कानामागून घाम उतरत होता. आपण कधी रागात कुणाचा दात पाडला होता का, शेजाऱ्याचे घड्याळ एकदा उघडून बघितले होते ते दुरुस्तीत धरतील का, असले विचार त्याच्या मनात येऊ लागले. घड्याळदुरुस्तीच्या कागदावर तो जरा जास्तच वेळ थांबला. मग सही केली.

दहा झाले. त्याने शेवटचा कागद पुढे ओढला, सुटकेचा श्वास घेतला आणि पेन टेकवले.

बायकोचा पंजा कागदावर पडला.

"याच्यावर नको."

"अगं, काय करतेस? शेवटचाच आहे."

"अहो, याच्यावर सही करू नका," ती म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही, साहेबाकडे पाहिले. "हा वर्ग चालतो. मी चालवते."

पेंटरने पेन टोपणात घालायचा प्रयत्न केला. टोपण घरंगळत टेबलाखाली गेले, पण उचलायला कुणी वाकले नाही.

"कधीपासून?" साहेबाने विचारले.

"तीन वर्षं होतील. दुपारचा. नऊ-दहा बायका असतात. तुमचा माणूस आला तेव्हा मीच त्याला पाणी दिलं. त्यानं विचारलं, चालू आहे का? मी हो म्हटलं. त्याला वाटलं असेल, एक चालू आहे म्हणजे सगळेच चालू असतील."

"आणि नोंदणी?"

"ते करतात हे ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा बिलं आली होती." तिचा आवाज आता हलला. "मग भीती वाटली. तुमची वाटली, आणि यांची जास्त."

साहेबाने दहा निवेदने एकावर एक नीट लावली. पेंटर त्या बोटांकडे पाहत राहिला. ती कागद फाडतील की त्यांच्यावर शिक्का मारतील, एवढाच आता प्रश्न होता. साहेब शिंकला, नाक पुसले, आणि मग शिक्का मारू लागला. दहा वेळा टेबल हादरले, दहा वेळा पेंटरने डोळे मिटले.

"अकराव्याचा कर, तीन वर्षांची थकबाकी आणि दंड. आज भरता येईल?"

बायकोने पिशवी उघडली. आत नोटांच्या लहान लहान गुंडाळ्या होत्या. शिवणाच्या दोऱ्याने बांधलेल्या, निळ्या, हिरव्या, लाल. तिने भरायचे तेवढे मोजून टेबलावर ठेवले आणि पिशवी मिटली. मिटताना ती रिकामी झालेली नव्हती, हे पेंटरलाही दिसले, साहेबालाही.

पावती फाडताना साहेबाला राहवले नाही. "काका, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

पेंटरने मान हलवली.

"बोर्डावर तर तुम्हीच लिहिलंय. चौकशी आत करावी." त्याने पावती पुढे केली. "केली नाहीत कधी?"

दोघे परत निघाली. उन्हात सगळ्या दुकानांवर छापील फलक तकतकत होते. तीन वर्षांपूर्वी गावात फलक छापायचे यंत्र आले, तेव्हापासून असेच तकतकत होते. त्या सुमाराला पेंटर काही दिवस जेवणावरून उठून जाई. मग हळूहळू सावरला. कामे कमी झाली तरी घरात काही कमी पडले नाही, आणि आपण अजून घर ओढतो आहोत या हिशेबावर तो ताठ चालू लागला.

"पहिली बाई बोर्ड वाचूनच आली," बायको आपणहून म्हणाली. "विचारायला लागली, वर्ग कधी असतो. तुमच्या हातचा बोर्ड. नाही कसं म्हणायचं?"

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तेव्हा तुम्ही जेवत नव्हता." थोडे चालून गेल्यावर ती म्हणाली, "मग जेवायला लागलात. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय."

सदऱ्याचे वरचे बटण त्याने सोडले.

घरी पोचल्यावर त्याने शिडी लावली. दहा बोर्ड उतरवायचे, असे साहेबाने बजावून सांगितले होते. बायकोने पदर खोचला आणि शिडी धरली. वर चढताना शिवणवर्गाचा बोर्ड त्याच्या तोंडासमोर आला. खालच्या ओळीवर कुणीतरी पुन्हा रंग फिरवला होता. ब्रश त्याचाच होता, बारीक केसांचा. हात मात्र त्याचा नव्हता. रंग कडेबाहेर गेला होता, आणि शेवटच्या अक्षराला तर चक्क टाके घातल्यासारखी टोके आली होती. दरवर्षी एकेक हात दिलेला दिसत होता. त्याने नखाने खरवडून पाहिले. निघाला नाही. पक्का होता.

मग त्याने दंतवैद्य उतरवला आणि खाली दिला. वकील उतरवला. चष्मेवाल्यापाशी त्याचा हात थांबला. दहा सह्या त्याच्या डोळ्यांसमोर एकामागून एक उभ्या राहिल्या, सगळ्या वाकड्या. त्याने खाली पाहिले. बायको दोन्ही हातांनी शिडी धरून, मान वर करून उभी होती. पिशवी अजून तिच्या खांद्याला होती.

"अगं," तो हळूच म्हणाला, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघून. "हे बाकीचे दहा… नक्की बंद आहेत ना?"

"आधी खाली या," बायको म्हणाली. "शिडी हलतेय."