मंगळवारचा समुद्र

एबो एगीरचे कान गेले, अशी एसुएकिरच्या किनाऱ्यावर कुजबुज होती. कुजबुज तरी कसली, जाळी सांधणारे लोक चांगलं मोठ्यानं बोलायचे. म्हाताऱ्याला ऐकू येतं की नाही, ते बघायलाच बहुधा. येत होतं, सगळं येत होतं. मेल्यांनो, तुमच्या बापांची पोटं याच कानांनी भरली, असं अगदी त्याच्या ओठांवर यायचं.

आणि ते खरंच होतं. चाळीस वर्षं तो होडीच्या टोकाला बसून वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा, दांडा कानाला लावायचा आणि सांगायचा, इथं ढोमी आहेत, टाका जाळं. ढोमी पाण्याखाली बेडकांसारख्या ओरडतात. पण गेले दोन महिने त्याला होड्यांच्या इंजिनांच्या घरघरीपलीकडे काही ऐकू येईना आणि होड्या रिकाम्या परतत होत्या. नवा धक्का बांधायला घेतला होता, पण त्याला तरी कसा दोष द्यायचा? लोखंडी खांब ठोकायचा मोठा हातोडा चालायचा फक्त मंगळवारी. मंगळवार समुद्राच्या विश्रांतीचा. त्या दिवशी होडी घालायची नाही, जाळं भिजवायचं नाही, हे पणजोबांपासूनचं. पाण्यात माणूस नसतो म्हणून मुकादम टेटेनं तोच दिवस धरला आणि गावानंही त्याला शहाणा म्हटलं.

मग कानच गेले असतील का? एबोला स्वतःलाच आता खात्री उरली नव्हती, आणि ते मात्र तो कुणाला सांगत नव्हता.

धक्क्यावर एफुआ नावाची मुलगी दुर्बीण घेऊन बसायची. केप कोस्ट शहरातून आलेली, शिकलेली. हातोडा चालू होण्याआधी अर्धा तास तिनं पाणी बघायचं आणि हजार मीटरांच्या आत देवमासा दिसला तर काम थांबवायचं, असा नियम होता. सोमवारी दुपारी ती मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा घेऊन एबोशेजारी येऊन बसली.

"एग्या, एक विचारू?" वडीलधाऱ्यांना तिकडे मानानं एग्या म्हणत.

"विचार की. कानांबद्दल असेल तर शाबूत आहेत."

"मंगळवारी समुद्र कसा वाजतो?"

 एबोला अडुसष्ट वर्षं झाली. मंगळवारी जन्मला म्हणून तर एबो नाव पडलं, आणि मंगळवारच्या समुद्राचा एकही हुंकार त्याला ठाऊक नव्हता. त्याला लाजच वाटली.

"तुला कशाला पाहिजे?"

"गेल्या मंगळवारी धुक्यात मला फवारा दिसला, देवमाशाच्या श्वासासारखा. टेटेसाहेब म्हणाले, लाट फुटली. मलाही छातीठोक सांगता येईना. पण त्या दिवशी तुमची इंजिनं बंद असतात ना. म्हणून एखादी आई पिल्लाला घेऊन आत येत असेल तर? पिल्लू आईला आवाजावर शोधतं, एग्या. त्या दणक्यानं ते बहिरं झालं तर गेलंच म्हणायचं. आणि उद्याही धुकं पडणार आहे."

"म्हणजे उद्या मी ऐकायचं."

"जमेल?"

जमेल की नाही, हाच तर घोर होता. पण प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना. एबो उठला आणि सरळ मच्छीमारांच्या मुख्याकडे, नाना अक्वाकडे गेला. नाना दात घासायची काडी चघळत अंगणात बसला होता.

"नाना, वल्हं म्हणजे होडी का?"

"ऊन लागलं का तुला?"

एबोनं सगळं सांगितलं. नानानं बराच वेळ काडी या गालातून त्या गालात फिरवली.

"मंगळवारी समुद्रातून काही घ्यायचं नाही. ऐकणं म्हणजे घेणं का?"

"मासा ऐकला तर बुधवारी घेईनच की."

"मग मासा ऐकलास तर सांगायचं नाही. कुणालाही नाही, बुधवारीही नाही. देवमाशाचं सांग, तो आपण खात नाही."

मंगळवारी सकाळी धुकं असं दाट, की धक्क्याच्या टोकावरून हातोड्याचं यंत्रही अर्धंच दिसत होतं. एफुआनं अर्धा तास डोळे फाडून पाहिलं. काही नाही. टेटे घड्याळ बघत उभा होता. तो तेमा बंदराकडचा, सरळ पण घाईचा माणूस.

एबो धक्क्याच्या पायऱ्यांवर पालथा झोपला, पातं पाण्यात सोडलं आणि दांडा कानाला लावला.

आधी काहीच नाही. शांतता एवढी, की त्याला धडकी भरली, संपलं सगळं. मग खालून एक घोरणं आलं, जड, लांबलचक. आणि त्याला लगोलग एक बारीक कुईं. पुन्हा घोरणं, पुन्हा कुईं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. आणि मग त्या दोघांच्या मागे, धक्क्याच्या उजवीकडे, बेडकं. शेकडो बेडकं.

"आई आहे," तो म्हणाला. "पिल्लू आहे. जवळ."

"म्हातारबाबा, नियमात 'दिसला तर' असं लिहिलंय," टेटे म्हणाला. "लाकडाच्या काठीवर मी यंत्र बंद ठेवू?"

"ये ना, लाव कान. तुझा आजा कोळीच होता ना?"

टेटेनं मजुरांकडे पाहिलं, टोपी काढली आणि पायऱ्यांवर आडवा झाला. त्यानं दांडा कानाला लावला. मग हात वर करून त्यानं हातोडेवाल्याला थांबायची खूण केली.

ते अकरा वाजेपर्यंत थांबले. धुकं फाटलं तेव्हा दोनशे हातांवर मोठा फवारा उडाला आणि शेजारी एक चिमुकला. दोघं सावकाश बाहेरच्या पाण्याकडे वळली. किनाऱ्यावर जाळी सांधणारे हातातली जाळी टाकून उभे राहिले होते. एफुआनं वहीत 'कसे आढळले' यापुढचं 'दिसले' खोडलं आणि 'ऐकले' असं लिहिलं.

"पुढच्या मंगळवारी मला बोलवायला माणूस पाठवू नका," एबो म्हणाला, "माझा मी येईन."

टेटे अजून कान चोळत होता. "एग्या, ते घोरणं कळलं. पण उजवीकडे ते बेडकांसारखं काय ओरडत होतं?"

एबोनं वल्हं खांद्यावर टाकलं. चाळीस वर्षांत एवढ्या ढोमी त्यानं एका जागी ऐकल्या नव्हत्या.

"कोण जाणे," तो म्हणाला. "माझे कान गेलेत."