तुम्हाला काय वाटतं?

परीक्षा केंद्रावरच्या काचेमागच्या बाईने तिला तिचं ओळखपत्र परत केलं आणि एक पालथा कागद पुढे सरकवला. चेहऱ्यावरून काही कळतंय का म्हणून तिने त्या बाईकडे पाहिलं. पण रोज असे पन्नास कागद देणाऱ्या माणसाचा चेहरा कोरा होऊन जातो. सलग चार तास खुर्चीत बसून तिचे पाय जड झाले होते. भिंतीला पाठ टेकून तिने कागद उलटला. उत्तीर्ण. तिने तो शब्द तीनदा वाचला, मग वर आपलंच नाव आहे ना हे पाहिलं, मग पुन्हा तो शब्द.

मागच्या वेळी चार गुणांनी हुकलं होतं. तेव्हा ती कोणाशी बोलली नव्हती. या वेळी तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्या क्षणी दोन मजल्यांच्या मधे अडकलेली एक लिफ्ट हाताने वर घेत होता.

"पास झाले," ती म्हणाली.

तो म्हणाला, "थांब. आधी ही माणसं बाहेर काढतो, मग रडतो."

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर ती नर्स प्रॅक्टिशनर झाली होती. तिच्या आईला हे समजावून सांगणं परीक्षेपेक्षा अवघड गेलं. आई मायदेशी, धाकट्या भावाकडे राहायची. तीस वर्षं तिने एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुतल्या होत्या, त्यामुळे हॉस्पिटलात कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली, हे तिला पाठ होतं. या नव्या पायरीला त्यात जागाच सापडेना. म्हणजे तू आता डॉक्टर का, असं तिने विचारलं. डॉक्टर नाही, नर्सच, पण पेशंटला तपासायचं, काय झालंय ते ठरवायचं आणि औषध लिहून द्यायचं हे आता माझं काम, असं लेकीने सांगितलं.

"आणि चुकलं तर?" आईने विचारलं.

"तर माझं चुकलं."

"हं," आई म्हणाली. "मग झोप नीट घेत जा."

हा सगळा खटाटोप तिने का केला, हे ती सहसा कोणाला सांगायची नाही. परदेशात येण्याआधी ती ज्या वॉर्डात होती, तिथे तिला सगळे 'चाहूल' म्हणायचे. एखाद्या पेशंटचं काही बिघडणार असलं की यंत्रांच्या आधी तिला कळायचं. ती कॉटशेजारी घुटमळायला लागली की बाकीच्या नर्स म्हणायच्या, चाहूल लागली बघा. यात थट्टा होती आणि थोडी भीतीही. असंच एकदा शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अस्वस्थ वाटायला लागलं. ताप नाही, नाडी ठीक, ब्लडप्रेशर ठीक. तिने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, त्यांनी तक्ता पाहिला, काय होतंय ते सांगा म्हणाले. तिला सांगता येईना. काहीतरी आहे, एवढंच ती म्हणत राहिली. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांना आणखी साठ पेशंट होते. दुपारी त्या बाई गेल्या. जाताना त्यांचा हात हिच्याच हातात होता.

तिच्या हाताला कळलं होतं, पण जे कळलं त्याचं नाव तिच्यापाशी नव्हतं. ती नावं मिळवायला तिला पुढे चौदा वर्षं लागली. परक्या देशातली नोकरी, परकी भाषा, स्वतःच्या मुलीची शाळा, ड्यूटी संपल्यावरचं कॉलेज, शेकडो तास दुसऱ्यांच्या देखरेखीखाली केलेली तपासणी. नवरा म्हणायचा, आपल्या घरात भिंतींनाही हृदयाच्या झडपा पाठ झाल्यात.

नोकरी मिळाली ती एका लहान गावातल्या दवाखान्यात. दोन तपासणीच्या खोल्या, बाहेर सहा खुर्च्या, आणि एक वयस्कर डॉक्टरीणबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की डावीकडची खोली तुमची; दार लावून घेतलंत की आत तुम्ही आणि तुमचा पेशंट. तिने दार लावलं. खोलीत एक टेबल, एक तपासणीचा पलंग, एक खिडकी. पहिल्या औषधाच्या कागदावर सही करताना तिचं अक्षर शाळेतल्या मुलीसारखं आलं. साधं कानाचं औषध होतं. तरी पेशंट गेल्यावर तिला वाटलं, त्याच्यामागे धावत जावं आणि पुन्हा एकदा वाचून पाहावं.

अकराव्या दिवशी सकाळीच एक अडुसष्ट वर्षांचा निवृत्त बस ड्रायव्हर आला. पाठ दुखत होती. अडतीस वर्षं गाडी चालवली, आता बॉडी खडखडणारच, असं तो स्वतःच म्हणाला. त्याला फक्त दुखणं थांबवायची गोळी हवी होती. बायको बाहेर बसली होती, दोघांना बाजारात जायचं होतं. गोळी लिहून दिली असती तर दोघंही खुशीत गेली असती. पण वाकल्यावर जास्त दुखतं का, या प्रश्नाला तो नाही म्हणाला. झोपल्यावर कमी होतं का? नाही. हललं तरी, नाही हललं तरी, सारखंच. तिला ते पटेना. तिने त्याला पलंगावर झोपायला सांगितलं, गुडघे वर घ्यायला लावले, आणि बेंबीच्या वर दोन्ही हात टेकवले.

प्रत्येक ठोक्याला तिची बोटं वर उचलली जात होती, आणि त्याबरोबर एकमेकांपासून दूरही सरत होती. उजवी उजवीकडे, डावी डावीकडे. पुस्तकात हे एका ओळीत असतं. ती ओळ तिने शंभरदा वाचली असेल, आणि त्या क्षणी ती तिच्या हाताखाली जिवंत होती. शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून, पातळ होऊन, दर ठोक्याला आपली भिंत ताणत होती, आणि वर तो माणूस छताकडे बघत तिला जुन्या बसचे गिअर कसे अडायचे ते सांगत होता. कसं चालतं हे सगळं, तिला वाटलं. अडुसष्ट वर्षं, न थांबता, कोणाला न विचारता. आणि या घटकेला हे कळलेलं जगात कोणी नाही, त्यालाही नाही. फक्त आपण. तिने हात काढले ते काचेचं भांडं खाली ठेवावं तसे.

त्याला हलू नका असं सांगून ती डॉक्टरीणबाईंच्या दारात गेली. पाय आपोआपच तिकडे वळले. एकवीस वर्षांची सवय. त्या कागद चाळत होत्या. तिने जे हाताला लागलं ते सांगितलं.

डॉक्टरीणबाई उठल्या नाहीत. "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"महाधमनी फुगलीय. कधीही फुटेल. आत्ता, झोपवूनच हॉस्पिटलला न्यायला हवं."

"मग फोन करा."

"तुम्ही एकदा हात लावून बघता का?"

"बघते. पण फोन आधी."

फोनवरच्या सर्जनने कोण बोलतंय ते विचारलं. तिने सांगितलं. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. तिचा उच्चार परका होता, पण उत्तर तिने एका शब्दात दिलं. हो.

मग ती पलंगाशी स्टूल ओढून बसली आणि त्या माणसाला सगळं सरळ सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. बसने जाऊ का, असं त्याने विचारलं, आणि ती हसली नाही तेव्हा त्याला खरं काय ते समजलं. बायकोला तुम्हीच सांगा, मला नाही जमायचं, असं तो म्हणाला. अँब्युलन्स येईपर्यंत बायकोने त्याचे बूट हातात धरून ठेवले होते.

चार वाजता सर्जनचा फोन आला. नेमकं तेच निघालं होतं, तासाभराचा उशीरही परवडला नसता. ऑपरेशन झालं होतं, पेशंट शुद्धीवर होता. तिने फोन ठेवला आणि आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत बसली. डॉक्टरीणबाई दारातून डोकावल्या आणि पुढे गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मूत्रपिंडांनी साथ सोडली होती. निरोप आला तेव्हा तिच्या खोलीत एक मूल लस घ्यायला आलं होतं. तिने लस दिली, दंडावर कापूस दाबून धरला, त्याच्या आईला ताप आला तर काय करायचं ते सांगितलं. मग दार लावून घेतलं. आपलं काही राहिलं का, हे तिने नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं. नाही, त्या म्हणाल्या. निदान बरोबर असूनही माणसं जातात, आणि हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. संध्याकाळी तिने आईला फोन केला. आईने कोणाचं चुकलं हे विचारलं नाही. त्याच्या घरी कोण आहे, एवढंच विचारलं.

पाच आठवड्यांनी सकाळच्या यादीत त्या ड्रायव्हरचं आडनाव दिसलं. ती उठून उभी राहिली. काय बोलायचं ते मनात जुळवत होती, तेवढ्यात दार उघडलं आणि त्या दिवशी बूट धरून बसलेल्या म्हाताऱ्या बाई आत आल्या. केस नीट विंचरलेले, कोटाची सगळी बटणं लावलेली. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. ती जुळवलेलं सगळं विसरली. मला फार वाईट वाटतं, एवढंच ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "दोन दिवस बोलायला मिळालं आम्हाला," त्या म्हणाल्या. "खूप बोलले ते. आयुष्यात एवढं बोलले नव्हते."

मग त्यांनी कोट काढून मांडीवर ठेवला, बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात टेबलावर उताणा ठेवला.

"त्यांनीच सांगितलं. म्हणाले, तुझं ब्लडप्रेशर त्याच बाईंना दाखव. त्या हात लावून बघतात."

तिने दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोप कानात घातला आणि मान खाली घातली. हवा हळूहळू सुटत गेली. मग त्या सुरकुतल्या हातातले ठोके एकामागून एक यायला लागले, आणि ती ऐकत राहिली.