माइक तपासताना वाजवलेले ठोके

पहिल्या अल्बममध्ये चिमी आणि तिच्या दादाच्या बँडने नुसता राडा घातला होता. दोन गिटार, बुवाचं घसा फाटेपर्यंत ओरडणं, आणि मागे दादाचे ड्रम्स असे की शेजारच्या गॅरेजवाल्याने भिंतीवर पाना आपटून म्हणावं, बास करा रे बाबांनो! बुवा म्हणजे गायक. गाण्याआधी डोळे मिटून बसतो म्हणून बुवा. पण दुसऱ्या अल्बमच्या वेळी सगळ्यांच्याच डोक्यात वेगळं काहीतरी शिरलं. गिटार कमी, कीबोर्ड जास्त, मध्येच मोकळी शांतता. आणि त्या शांततेत दादाचा उजवा हात उघडा पडला.

मनगट वर्षभर दुखत होतं त्याचं. राड्यात कोणाला कळणार? पण इथे एकेक ठोका सुटा ऐकू यायचा, आणि गाणं अर्ध्यावर आलं की दादा मागे पडायला लागायचा.

कीबोर्ड आणि मिक्सिंग चिमीकडे. चिमी म्हणजे दादाची धाकटी बहीण, ड्रमच्या काड्या कशा धरायच्या हेसुद्धा तिला त्यानेच शिकवलेलं. तर या चिमीने काय करावं? पहिल्या अल्बमच्या वेळी माइक तपासायला दादाने एकेक ड्रम हलकेच वाजवला होता, तेव्हा हात धडधाकट होता. ते सुटे ठोके तिच्याकडे पडून होते. तिने ते उचलले आणि एकेक करून नव्या गाण्यांत बसवले. नऊपैकी सात गाण्यांत! दादाचं खरं वाजवणं गुपचूप बंद. बुवाला तेवढं सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, आवाज त्याचाच आहे ना? मग झालं तर."

झालं कसलं! दुसऱ्या दिवशी दुपारी दादा रियाजाच्या खोलीत आला तोच नाचत.

"चिमे, बुवाने पाठवली गाणी! काय वाजवलंय गं मी! मलाच माझा मत्सर वाटला."

चिमी वायर गुंडाळत बसली. एकच वायर, तीनदा.

"फक्त ती शेवटची दोन जरा आळसटलीत. ती परत वाजवतो. आणि ऐक, गुरुवारचं ऑपरेशन रद्द केलं. आत्ताच फोन केला हॉस्पिटलला."

"काय?"

"अगं, एवढा हात चालतोय तर कापायचा कशाला?"

डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं, अजून लांबवलंत तर बोटांचा बधिरपणा कायमचा राहील. सांगावं तर त्याचं तोंड उतरणार, न सांगावं तर हात जाणार. कपाळ! ती एका दमात बोलून मोकळी झाली. माइक, ठोके, सात गाणी, सगळं.

दादा आधी हसला. मग म्हणाला, "म्हणजे मी वाजवलंच नाही?"

"दोन गाण्यांत वाजवलंयस."

"ती आळसटलेली?"

तिने मान हलवली. भिंतीपलीकडे गॅरेजवाला कुणाला तरी शिव्या घालत होता.

"माझं खरं लाव," दादा म्हणाला.

"दादा, नको ना."

"लाव म्हटलं ना."

तिने पहिलं गाणं लावलं. सुरुवातीला छान होतं, खरंच छान. मग घसरायला लागलं. दादा मांडीवर बोटांनी ताल धरून ऐकत होता आणि त्याच्याच ठोक्यांच्या पुढे निघून जात होता. शेवटाकडे त्याने हात थांबवला.

"आठ महिने रेकॉर्डिंग चाललंय. एकदा तोंडावर सांगायचंस, दादा, तू चुकतोयस. मी काय खाल्लं असतं तुला?"

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"मग आता काय वाटतंय, बरं?"

चिमीला रडू फुटलं. त्याने जवळ घेतलं नाही. एरवी लगेच घेतो. फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.

"गुरुवारचं परत मिळतंय का विचार. मला लाज वाटते."

"आणि अल्बम?"

"ते आत्ता विचारू नकोस," म्हणत त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. पलीकडून फोन उचलला गेला, आणि चिमीने नाक पुसत दादाचं पूर्ण नाव सांगितलं.